पिल्लू जन्मतःच उभं राहत नाही : बोकडाचा वंश की नाल्यावरची बेशरम?

शेळीपालक_आर्वी

राजेहो, जरा मोठं लिहून राह्यलो, पण पूर्ण वाचून मंग सांगा. मायाकडे बेरारी बकऱ्या आहेत. चराई गावाशेजारच्या नाल्याच्या काठानं आणि पडीत वावरात. बोकड बाजारातून आणलेला, बीटल जातीचा क्रॉस, अंगानं दणकट, म्हणून तोच कळपात ठेवला. यंदा उन्हाळ्याच्या आखरीस जन्मलेल्यांपैकी काही पिल्लं उभीच राह्यनात. पुढचे गुडघे दुमडलेले, मान सारखी लटलट हालते, डोळ्याची बाहुली इकडून तिकडे पळते. बाटलीचं बूच तोंडात दिलं तर चोखत नाही, दूध ओठातून बाहेर येते. बाकीची पिल्लं त्याच कोठ्यात उड्या मारून राह्यली.

आईचं म्हणणं, नजर लागली. शेजारचे काका म्हणतात बोकडाचा वंश खराब, कापून टाक. दुकानातून कॅल्शियम आणि ताकदीचं टॉनिक आणलं, फरक शून्य. एका ठिकाणी वाचलं का जनावरांत आनुवंशिक आजार राह्यते, त्यात पेशीत साखर साचते. म्हणजे मधुमेहच का? मंग गाभण बकऱ्यांचा गूळ-मका बंद करू का? जाणकारांनी सांगा, जीव लागत नाही कशात.

गावरान_वऱ्हाडी

वंशच आहे भाऊ. एकच बोकड आईवर, लेकीवर, नातीवर सोडला का असंच होते. आमच्याकडे बोकड ठरल्या वेळेवर बदलतातच.

जीवरसायन_नागपूर

दादा, गूळ-मका बंद करू नका. गाभण बकरीला ऊर्जा लागते, ती तोडली तर वेगळाच आजार उभा राहील. तुम्ही वाचलेल्या आजारातली साखर रक्तातली नाही आणि चाऱ्यातून येणारीही नाही. मी हा विषय कॉलेजात शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

शरीरातल्या पुष्कळ प्रथिनांना साखरेच्या फांद्या जोडलेल्या असतात. त्यांत मॅनोज, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइन, टोकाला सियालिक आम्ल, असे घटक ठरावीक क्रमाने बसलेले असतात. प्रथिन जुनं झालं की ते पेशीतल्या लायसोसोम नावाच्या पिशवीत मोडीत निघतं. ही पिशवी ख्रिस्तियान द दुव यांनी १९५५ मध्ये दाखवून दिली, १९७४ चं नोबेल त्यांना मिळालं. लायसोसोमात साखरेची फांदी टोकाकडून आत, एकेक घटक करत सुटते आणि प्रत्येक जोडाला त्याचं स्वतःचं विकर म्हणजे एन्झाइम लागतं. दाव्याला एकावर एक गाठी मारल्या असतील तर वरची सुटल्याशिवाय खालची सुटत नाही, तसंच. एक विकर जन्मतः नसेल तर फांदी तिथेच अडते. तो अर्धवट तुकडा, म्हणजे ऑलिगोसॅकराइड, पिशवीतून बाहेर पडू शकत नाही. पिशव्या फुगत जातात, पेशी पोकळ्यांनी भरते. सगळ्यात जास्त मार मेंदूला बसतो, कारण चेतापेशी विभागून नव्या होत नाहीत. वर्षानुवर्षं तीच पेशी, तोच साठा.

आता शेळीबद्दल. प्रथिनावरच्या या फांदीच्या बुडाशी तीन मॅनोज असतात. त्यांतले दोन अल्फा जोडाने आणि एक बीटा जोडाने बांधलेला. बीटा जोड तोडणारं बीटा-मॅनोसिडेज नसेल तर होणारा आजार, म्हणजे बीटा-मॅनोसिडोसिस, शेळीत १९८१ मध्ये न्यूबियन जातीत ओळखला गेला. माणसात तोच आजार सापडला नंतर, १९८६ मध्ये. शेळीचं पिल्लू जन्मतःच उभं राहू शकत नाही, गुडघे आखडलेले, मान आणि अंग थरथरणारं, बाहुली फिरणारी, बहुतेकदा बहिरं, कपाळ घुमटासारखं. तुमचं वर्णन वाचून माझ्याही डोक्यात पहिलं हेच आलं.

एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माणसात या आजारात दोन साखरांचा तुकडा साचतो, शेळीत मुख्यतः तीन साखरांचा. कारण बुडाशी असलेली एन-ॲसिटाइल ग्लुकोसामाइनची जोडी तोडणारं चिटोबायेज रवंथ करणाऱ्या जनावरांत काम करत नाही. विकर तेच हरवलेलं, पण साठा वेगळा. म्हणून लघवीत नेमका कोणता तुकडा उतरतो हे बघून बरंच कळतं.

शेळीपालक_आर्वी

मॅडम, तुम्ही तर माया पिल्लाचंच वर्णन लिहिलं. पण न्यूबियन बकरी इथं कुठली? ते तर परदेशी.

जीवरसायन_नागपूर

अँग्लो-न्यूबियन जात इंग्लंडात तयार झाली आणि तिच्या पूर्वजांत आपली जमनापारी आहे. पण तेवढ्यावरून बीटल किंवा बेरारीवर बोट ठेवू नका. असा दोष कोणत्याही जातीत एखाद्या पूर्वजात उद्भवतो आणि तोच नर खूप वापरला गेला की पसरतो.

पशुवैद्य_वर्धा

उशिरा आलो, दिवसभर लसीकरणात होतो. मॅडमनी छान सांगितलं आहे, पण मी आधी थोडा ब्रेक लावतो. उभं न राहणारं पिल्लू म्हणजे लगेच साठवणुकीचा आजार नव्हे. गाभणपणी आईला तांबं कमी पडलं तर पिल्लू जन्मतः किंवा काही आठवड्यांनी मागच्या पायाने लुळं पडतं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी असेल तर स्नायू पांढरे पडतात. गाभणपणी अकाबाने विषाणूची लागण झाली असेल तर सांधे वाकलेली पिल्लं येतात, आणि ती एकाच हंगामात बऱ्याच कळपांत दिसतात. नाळेतून धनुर्वात शिरला तर अंग ताठतं, लटलटत नाही. हे सगळं आधी तपासायचं, कारण यातल्या काहींवर उपाय आहे.

आणि आर्वीकर, मला दोन गोष्टी सांगा. नाल्याच्या काठावर बेशरमचं झुडूप आहे का? आणि मोठ्या बकऱ्यांपैकी कोणी झुकांड्या खाते का, कोणी गाभडली, म्हणजे गाभ टाकला का?

गावरान_वऱ्हाडी

डॉक्टरसाहेब, बेशरमचा काय संबंध? बकरी बेशरमला तोंड लावत नाही, म्हणून तर आमच्या बानं कुंपणाले तीच लावली होती. चीक निघते तिच्यातून.

तळ्याकाठची_ताई

दादा, लावते तोंड. मी पवनीकडची. आमच्याकडे मालगुजारी तलावांच्या पाळीवर बेशरम मातली आहे, पाणी उतरलं की आतपर्यंत शिरते. जून उजाडेस्तोवर सगळं रान पिवळं, हिरवं म्हणून तेवढंच उभं. त्यावर जांभळट फुलांची भोंगळी. आधी एखादीच बकरी टोकाचं कोवळं पान ओढते, तिचं बघून दुसरी जाते. नंतर चारा टाकला तरी ती बेशरमकडेच ओढ घेते, हाकलली तरी परत तिथंच. मी स्वतः बघितलं आहे. त्या बकरीचे केस राठ होतात, पाय फाकवून उभी राहते, नाला उतरताना तोंडावर पडते. गुराख्याला वाटते भुकेनं अशक्त झाली.

पशुवैद्य_वर्धा

ताई, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. ब्राझीलमधल्या अभ्यासांतही हेच नोंदलं आहे: दुष्काळात खायला लागतात, मग चटक लागते, आणि एकीचं पाहून दुसरी शिकते.

संबंध असा. बेशरम म्हणजे आयपोमिया कार्निया, मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. तिच्यात स्वेनसोनीन नावाचं द्रव्य असतं. ते अल्फा-मॅनोसिडेज या विकराला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. म्हणजे जे विकर आनुवंशिक अल्फा-मॅनोसिडोसिसमध्ये जन्मतः नसतं, तेच इथे शरीरात असूनही बंद पडतं. परिणाम तोच: मॅनोज असलेले तुकडे साचतात, चेतापेशी पोकळ्यांनी फुगतात. सोबत कॅलिस्टेजिन्स असतात, ती आणखी दोन विकरांना अडवतात. स्वेनसोनीन पहिल्यांदा वेगळं केलं ते ऑस्ट्रेलियात, १९७९ मध्ये, पर्थच्या मर्डॉक विद्यापीठात, तिथल्या स्वेनसोना नावाच्या झुडपातून. अमेरिकेत गुरं ज्या रानवनस्पतीने वेडी होतात तिच्यातही हेच.

हे द्रव्य झाड बनवतच नाही. झाडाच्या आत राहणारी एक बुरशी बनवते, आणि ती बियांतून पुढच्या रोपात जाते. बियांवर बुरशीनाशक वापरून वाढवलेल्या रोपांत स्वेनसोनीन सापडलं नाही.

आता पिल्लांचं. गाभण बकरीने बेशरम खाल्ली तर विष वारेतून पिल्लापर्यंत जातं. अशक्त, उभं न राहणारी, न चोखणारी, सांधे आखडलेली पिल्लं जन्मतात, काही वेळा गाभही पडतो. म्हणजे आर्वीकरांनी लिहिलेलं चित्र दोन्हीकडून येऊ शकतं, वंशातूनही आणि नाल्यावरूनही. म्हणून मोठ्या बकऱ्यांचं विचारलं. बीटा-मॅनोसिडोसिसमध्ये आई-बाप ठणठणीत असतात, कारण प्रत्येकाकडे एक चांगली प्रत असते आणि तेवढ्यावर काम भागतं. मोठ्या बकऱ्याही लटपटत असतील तर आधी चराई बघा.

शेळीपालक_आर्वी

डॉक्टरसाहेब, खरं सांगतो, वाचून घाम फुटला. नाल्याच्या दोन्ही काठांनी बेशरमच आहे. दोन बकऱ्या गाभडल्या, ते आम्ही उन्हावर ढकललं. एक काबरी बकरी चालताना मागचे पाय ओढते, आणि हाक मारली का दचकून कोलमडते. पण गावरान दादांचं म्हणणंही खोटं नाही. त्या बोकडाच्या पाठी, म्हणजे त्याच्या लेकी, आता मोठ्या झाल्या आणि त्याच बोकडानं फळल्या. बिघडलेल्या पिल्लांपैकी काही त्या पाठींची आहेत, काही जुन्या बकऱ्यांची. आता काय समजू?

गवळाऊप्रेमी

मी गाईवाला माणूस, पण हा धागा सोडवत नाही. अँगस गाईंत अल्फा-मॅनोसिडोसिस होता. वासरू काही आठवड्यांनी-महिन्यांनी डोकं हलवू लागतं, तोल जातो, डिवचलं तर अंगावर येतं, बहुतेक वर्षाच्या आत मरतात. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात मॅसी विद्यापीठाच्या लोकांनी रक्तावरून वाहक, म्हणजे एक बिघडलेली प्रत बाळगणारं पण स्वतः ठणठणीत जनावर, ओळखायची पद्धत बसवली. वाहक जनावरात विकर साधारण निम्मं असतं, त्यावरून. पैदाशीच्या कळपांतून वाहक वळू काढले आणि आजार आटोक्यात आला. पुढे १९९७ मध्ये नेमका जनुकातला बदल सापडला, आता डीएनएवरून कळतं.

आपल्याला जास्त लागू पडणारं उदाहरण ब्राह्मण गाईंचं. ही जात अमेरिकेत तयार झाली, पण रक्त आपल्या देशी गाईंचं: गीर, कांकरेज, ओंगोल. ऑस्ट्रेलियातल्या ब्राह्मण कळपांत पॉम्पेचा आजार आहे. त्यात ग्लायकोजेन नावाची साठवणीची साखर साचते, वासरू वाढत नाही, स्नायू गळतात, वर्ष पूर्ण करत नाही. दोन जनुकीय बदल सापडले, त्यांच्या चाचण्या आल्या, वाहक वळू बाजूला काढता आले. यावरून आपल्या गवळाऊ गाईंत दोष आहे असं कोणी म्हणू नये, ते बदल त्या कळपांतले आहेत. मुद्दा वळू निवडण्याचा आहे. आपल्याकडे मान्यताप्राप्त रेतन केंद्रांवर होल्स्टीन वळूंची काही आनुवंशिक दोषांसाठी तपासणी बंधनकारक आहे. बोकडाच्या बाबतीत मात्र आपण बाजारात छाती आणि कान बघून व्यवहार करतो.

पशुवैद्य_वर्धा

आर्वीकर, दोन्ही शक्यता उघड्या ठेवा आणि वेगवेगळ्या सोडवा.

पहिलं काम आजच. कळप नाल्यावर सोडणं बंद. कोठ्यात बांधून सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, सुबाभळीचा पाला, जे असेल ते द्या. स्वेनसोनीन शरीरातून काही दिवसांत निघून जातं आणि विकर परत कामाला लागतं. लवकर थांबवलं तर बकऱ्या सुधारतात. चेतापेशी मेल्या असतील तर तेवढं लंगडणं राहून जातं, आणि चटक लागलेली बकरी पुन्हा नाल्याकडे धावेल, तिला वेगळी बांधा. या मधल्या काळात संशयित बकऱ्यांचं दूध पिल्लांना पाजू नका, घरातही वापरू नका, विष दुधात उतरतं.

काबऱ्या बकरीची एक सोपी परीक्षा. तुमच्या पशुवैद्यांसमोर मऊ जमिनीवर तिची हनुवटी धरून डोकं वर करा, मिनिटभर तसंच धरा आणि एकदम सोडा. निरोगी बकरी सावरते. मेंदूच्या मागच्या भागात साठा झालेली बकरी पाय फाकवते किंवा बाजूला पडते. ही खूण आहे, निदान नव्हे.

दुसरं, नमुने. मोठ्या बकरीच्या रक्ताचा काचपट्टीवर लेप घ्यायला सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या निळ्या पट्टीत गोल पांढऱ्या पोकळ्या दिसल्या तर साठवणुकीचा संशय बळावतो. एखादं पिल्लू दगावलं तर पुरू नका. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. मेंदू, मूत्रपिंड, यकृत, स्वादुपिंड यांचे तुकडे १० टक्के फॉर्मलिनमध्ये, आणि यकृताचा एक तुकडा बर्फावर, तांब्याच्या तपासणीसाठी. गाभडलेल्या बकऱ्यांचं रक्त ब्रुसेला या गाभ पाडणाऱ्या जिवाणूसाठी तपासा, तो आजार माणसालाही होतो, म्हणून वार उचलताना हातमोजे घाला.

जीवरसायन_नागपूर

लघवीचा नमुना पण घ्या. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीत लघवीचा थेंब सिलिकाच्या पट्टीवर ठेवतात, द्रावणाबरोबर लहान साखर वर जाते, मोठी मागे राहते. मग ऑर्सिनॉल हे रंग आणणारं रसायन फवारून तापवलं की पट्टे उमटतात. निरोगी बकरीचे फिकट, आजारी पिल्लाचे गडद. बीटा-मॅनोसिडोसिस असेल तर त्या तीन साखरांच्या तुकड्याचा पट्टा ठळक येतो. बेशरममध्ये मॅनोज जास्त असलेले वेगळे तुकडे असतात. शिवाय स्वेनसोनीन पेशीतलं आणखी एक मॅनोसिडेज अडवतं, तेव्हा नव्या प्रथिनांवरच्या फांद्याही वेगळ्या घडतात. त्यामुळे विषबाधेतला साठा आणि जन्मजात अल्फा आजारातला साठा हुबेहूब सारखा नसतो. माणसांच्या चयापचय-आजारांचं काम करणाऱ्या प्रयोगशाळा ही चाचणी करतात. तुमच्या डॉक्टरांमार्फत विचारा.

शेळीपालक_आर्वी

बकरीची लघवी धरायची कशी मॅडम? नुसतं भांडं घेऊन मागं फिरायचं का?

तळ्याकाठची_ताई

पहाटे बसलेली असते तेव्हा भांडं तयार ठेवून हळूच उठवा. उठल्या उठल्या बहुतेक बकऱ्या मुततातच. पिल्लाला पोटाखाली ओल्या फडक्यानं पुसलं तर तेही करते. बाटली स्वच्छ उकळलेली घ्या, लगेच बर्फात.

गावरान_वऱ्हाडी

बेशरमचं मले माहीत नव्हतं, चांगलं समजलं. पण बोकडाचं काय ते सांगा साहेब. ठेवावा का विकावा?

पशुवैद्य_वर्धा

निकाल येईपर्यंत कापू नका आणि विकूही नका. विकला तर दोष असलाच तर दुसऱ्याच्या कळपात जाईल. वेगळा बांधा. हिशोब करून दाखवतो. समजा बोकड वाहक आहे आणि जुन्या बकऱ्या स्वच्छ. मग त्यांची पिल्लं आजारी होणार नाहीत, पण निम्म्या पाठी वाहक निघतील. त्याच बोकडाने त्या पाठी फळल्या तर वाहक पाठीच्या दर ४ पिल्लांमागे सरासरी १ आजारी. सगळ्या पाठी धरल्या तर दर ८ मागे १. आता आर्वीकरांनी लिहिलंय की बिघडलेली काही पिल्लं जुन्या बकऱ्यांची आहेत. त्या बकऱ्या बोकडाच्या नात्यातल्या नसतील तर निव्वळ वंशाने हे जुळवणं कठीण जातं. म्हणून माझा कल नाल्याकडे आहे. तरी पाठींवर बाप सोडणं आजपासून बंद, निकाल काहीही येवो. कोणतं पिल्लू कोणत्या बकरीचं, कोणत्या बोकडाचं, कधी जन्मलं, हे वहीत लिहा. तुमच्या वहीशिवाय प्रयोगशाळेचा कागद अर्धाच बोलतो.

मास्तर_यवतमाळ

जनावरांच्या धाग्यात माणसाचं विचारतो, क्षमा असावी. ओळखीतल्या एका मुलाला अल्फा-मॅनोसिडोसिस असल्याचं निदान झालं आहे. ऐकू कमी येतं, चालणं अडखळतं. त्याच्या घरच्यांना कोणी सांगितलं की शेळीच्या दुधामुळे झालं. धीर द्यायला काही खरं सांगता येईल का?

जीवरसायन_नागपूर

मास्तर, शेळीच्या दुधाने तो आजार होत नाही. तो आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकांतून येतो आणि त्यात दोघांचाही दोष नाही, हे त्या आईला नक्की सांगा. पुढच्या मुलाचा विचार असेल तर आनुवंशिकी सल्लागाराला भेटायला सांगा, गर्भातच तपासता येतं. औषधही आहे. वेल्मॅनेज अल्फा हे प्रयोगशाळेत तयार केलेलं विकर आठवड्यातून एकदा शिरेतून देतात. युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मेंदूत ते पोचत नाही, बाकी शरीराच्या तक्रारींसाठी आहे. या वाटेवर जनावरांनी फार दिलं आहे. हाच आजार जन्मतः असलेल्या मांजरांत अस्थिमज्जा प्रत्यारोपण केल्यावर मेंदूतला साठा कमी झाल्याचं १९९४ मध्ये दाखवलं गेलं.

शेळीपालक_आर्वी

काल कळप कोठ्यातच ठेवला. काबरीची परीक्षा डॉक्टरांनी केली, ती बाजूला पडली. रक्ताचा लेप आणि लघवी दोन्ही पाठवलं, एक पिल्लू रात्री गेलं ते नागपूरला नेलं. बोकड वेगळा बांधला. आता गावातल्या पोरांना घेऊन काठावरची बेशरम काढायचं म्हणतो. कापून जाळली तर चालते का?

तळ्याकाठची_ताई

नुसती कापू नका, पावसाळ्यात दुप्पट फुटते. पाणी उतरलं आहे तोवर बुडासकट खोदा, माती ओली व्हायच्या आत. काढलेल्या कांड्या काठावर ढीग करून ठेवल्या तर त्याच रुजतात, आणि नाल्यात टाकल्या तर पुरासोबत खालच्या गावात जाऊन लागतात. उन्हात फाट्यांवर उंच पसरून कडक वाळू द्या आणि मगच जाळा, धुराकडे तोंड करून उभं राहू नका. आणि ढीग वाळत असताना बकऱ्या तिकडे फिरकू देऊ नका, वाळलेलं पानही खातात.